एचपीव्ही १६ आणि नॉर्मल पॅप, एचपीव्ही ५२ आणि सीआयएन-३: जास्त धोका कुणाला?

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या बाई ३६ वर्षांच्या आहेत. त्यांच्या तपासणीत ‘एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह’ आलं (एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू), पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने घेऊन केलेली तपासणी, मात्र नॉर्मल. त्यांच्या थोरल्या बहिणीचं वय ४१. तिच्या बायोप्सीत सीआयएन-३ (गर्भाशयमुखाच्या अस्तरातली कॅन्सरपूर्व अवस्था) निघालं आणि विषाणूचा प्रकार ५२. त्या विचारतात, “१६ सगळ्यात वाईट असं जिथे तिथे वाचलं. मग ताईला ५२ असून तिची अवस्था पुढची कशी? आणि माझं पॅप नॉर्मल असताना मला कोल्पोस्कोपीला का पाठवतात? आमच्या दोघींत धोका कुणाला जास्त?” शेवटी एका ओळीत त्यांनी लसीबद्दलही विचारलंय.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. उपचाराची गरज आज तुमच्या ताईंना आहे, आणि ती ५२ मुळे नाही तर सीआयएन-३ मुळे आहे. तुम्हाला आज उपचार नकोत, पण कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बारकाईने पाहणं) हवी आहे, आणि ती १६ मुळे. तुमच्या हातात दोन वेगळ्या जातीची माहिती आली आहे आणि तुम्ही ती एकाच तराजूत तोलत आहात, म्हणून गोंधळ होतोय. विषाणूचा प्रकार पुढे काय होण्याची शक्यता आहे ते सांगतो. बायोप्सी आजपर्यंत काय होऊन गेलंय ते सांगते. हा फरक एकदा लक्षात आला की दोन्ही रिपोर्ट आपोआप उलगडतील.

आकड्याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करते, कारण माझ्यासमोर बसलेल्या अनेक बायका तो घेऊन येतात. ५२ हा १६ च्या पुढचा आकडा, म्हणून आजार पुढचा, असं मुळीच नाही. एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत आणि ते जसजसे सापडत गेले तसतसे त्यांना क्रमांक मिळाले. विषाणूच्या एल१ नावाच्या जनुकाची रचना आधीच्या सगळ्या प्रकारांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वेगळी निघाली की त्याला नवा क्रमांक. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूने १९८३ मध्ये प्रकार १६ आणि १९८४ मध्ये प्रकार १८ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठींमधून वेगळा काढला. त्या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. म्हणजे हे दोन प्रकार यादीत आधी आले आणि कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त सापडणारेही तेच ठरले, पण क्रमांकाचा आणि तीव्रतेचा काही संबंध नाही. ६ आणि ११ हे तर आणखी आधीचे क्रमांक, आणि ते गुप्तांगावर चामखीळ आणतात, कॅन्सर जवळपास कधीच नाही.

जननमार्गाला लागण करणारे प्रकार साधारण ४०. त्यांपैकी १२ प्रकार कॅन्सरला कारणीभूत आहेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलं आहे: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९. प्रकार ६८ ‘बहुधा कारणीभूत’ या गटात आहे. रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ असं लिहिलेलं असतं ते या यादीमुळे. माझी तक्रार आहे ती या एका शब्दात सगळ्यांना कोंबण्याबद्दल. या यादीतला १६ आणि या यादीतला ५९ यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे की दोघांना एकच नाव देणं म्हणजे बाईला एक तर विनाकारण घाबरवणं, नाही तर विनाकारण निर्धास्त करणं.

हे अंतर कळायला विषाणू काय करतो ते थोडं पाहायला हवं. गर्भाशयमुखावर एक जागा अशी आहे जिथे बाहेरचं सपाट पेशींचं अस्तर आणि आतल्या नळीचं ग्रंथींचं अस्तर एकमेकांना भेटतं. तिथल्या पेशी सतत रूप पालटत असतात, आणि हाय रिस्क एचपीव्हीला तीच जागा सोयीची पडते. बहुतेक वेळा विषाणू तिथे येतो, स्वतःच्या प्रती काढतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून टाकते. दहांपैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत तपासणीत दिसेनासे होतात. उरलेल्या थोड्यांत विषाणूची दोन प्रथिनं, ई६ आणि ई७, बेताल प्रमाणात तयार होऊ लागतात. ई६ पेशीतलं पी५३ हे प्रथिन नष्ट करायला लावतं. पेशीतला बिघाड ओळखून तिला थांबवणारं किंवा मारून टाकणारं प्रथिन ते हेच. ई७ हे पेशी-विभाजनाचा लगाम धरणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. राखणदारही गेला आणि लगामही सुटला, की पेशी वाढत राहते आणि तिच्यात चुका साठत राहतात. ६ आणि ११ या प्रकारांकडेही ई६ आणि ई७ असतात, पण त्यांची पकड ढिली असते. आणि १२ जणांच्या यादीतही सगळ्यांची पकड सारखी नाही.

आता सीआयएन म्हणजे काय. अस्तराच्या जाडीपैकी खालच्या तिसऱ्या हिश्शात बिघडलेल्या पेशी असतील तर सीआयएन-१, दोन तृतीयांशापर्यंत असतील तर सीआयएन-२, त्याहून वर किंवा पूर्ण जाडीभर असतील तर सीआयएन-३. लिहिताना ही एकाच जिन्याची पायऱ्या-पायऱ्यांची वाट वाटते, तशी ती नाही. सीआयएन-१ म्हणजे खरं तर चालू असलेल्या विषाणू-संसर्गाची खूण. तो कॅन्सरपूर्व अवस्था समजायचा नाही आणि सहसा त्यावर उपचारही करायचे नाहीत. सीआयएन-२ हा मधला, बेभरवशाचा रिपोर्ट आहे. दोन पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर वेगळं मत देतात तो हाच. नुसतं लक्ष ठेवलं तर दोन वर्षांत त्यांतले जवळपास निम्मे आपोआप मागे फिरतात. सीआयएन-३ मात्र खरी कॅन्सरपूर्व अवस्था. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात एका रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे सीआयएन-३ असलेल्या बऱ्याच स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. त्यांना न विचारता. पुढे त्यावर न्यायालयीन चौकशी झाली. त्या स्त्रियांच्या नोंदींवरून कळलं की उपचाराविना राहिलेल्या सीआयएन-३ पैकी सुमारे ३० टक्के ३० वर्षांत कॅन्सरपर्यंत गेले. योग्य उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर होतं. ही माहिती त्या स्त्रियांनी स्वतःच्या शरीराची किंमत देऊन आपल्यापर्यंत आणली आहे. मला कुणी “सीआयएन-३ आहे, सहा महिने थांबून बघू का?” असं विचारलं की मला त्या आठवतात.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. कॅन्सरमध्ये कोणता प्रकार किती सापडतो एवढंच पाहून त्याची ताकद कळत नाही. तो प्रकार मुळात किती स्त्रियांमध्ये असतो हेही पाहावं लागतं. म्हणून संशोधकांनी एक साधी युक्ती केली. पेशी नॉर्मल असलेल्या, सीआयएन-१, २, ३ असलेल्या आणि कॅन्सर झालेल्या अशा एचपीव्ही पॉझिटिव्ह स्त्रिया घ्यायच्या आणि प्रत्येक गटात एकेका प्रकाराचा वाटा किती ते मोजायचं. अवस्था म्हणजे एकाखाली एक लावलेल्या चाळण्या समजा. वरून सगळं धान्य एकत्र ओतलं, तर खालच्या चाळणीपर्यंत कोण पोचतं ते बघायचं.

जगभरातल्या अभ्यासांतून एक लाखाहून अधिक एचपीव्ही पॉझिटिव्ह स्त्रियांची माहिती अशी एकत्र मांडली गेली आहे. पेशी नॉर्मल असणाऱ्यांत १६ चा वाटा सुमारे २० टक्के. सीआयएन-२ मध्ये तो ४० टक्क्यांच्या घरात जातो, सीआयएन-३ मध्ये ५८ च्या आसपास, आणि कॅन्सरमध्ये ६३. बाकी कुठलाही प्रकार अशी चढती कमान दाखवत नाही. वरच्या चाळणीत पाचांत एक असलेला हा प्रकार खालच्या चाळणीत निम्म्याहून जास्त जागा व्यापतो. त्याची ताकद या चढात दिसते. नुसतं ‘तो सगळ्यात जास्त सापडतो’ एवढ्यावर ती ठरत नाही.

आता याच चाळणीत ५२, ५१, ५६, ५८ कसे वागतात ते पाहा. ५१, ५६ आणि ५९ नॉर्मल पेशींत आणि सीआयएन-१ मध्ये भरपूर सापडतात, पण कॅन्सरपर्यंत पोचताना जवळपास गळून पडतात. ६६ हा प्रकार तर एकेकाळी कॅन्सरकारक यादीत होता. २००९ च्या फेरआढाव्यात तो खालच्या गटात टाकला गेला, कारण तो गाठींमध्ये एकटा क्वचितच मिळतो. तरी बऱ्याच चाचण्या अजून त्याला ‘हाय रिस्क’ मध्येच मोजतात, आणि त्यापायी कितीतरी बायकांची झोप उडते.

३१, ३३, ५२ आणि ५८ यांचं वागणं या दोन टोकांच्या मधलं आहे. आनुवंशिक रचनेने ते १६ चेच जवळचे भाऊबंद. सीआयएन-२ आणि सीआयएन-३ पर्यंत ते चांगले पोचतात, पण तिथून कॅन्सरकडे जाताना त्यांचा वाटा कमी होतो. म्हणजे कॅन्सरपूर्व अवस्था निर्माण करण्याची ताकद त्यांच्यात आहे, तिथून पुढची उडी मारण्याची १६ इतकी नाही. ३८ देशांतल्या १०,००० हून अधिक गाठींच्या तपासणीत, ज्यांत एचपीव्ही सापडला अशांपैकी ६१ टक्के १६ च्या, १० टक्के १८ च्या आणि ६ टक्के ४५ च्या होत्या. या तिघांत ३१, ३३, ३५, ५२ आणि ५८ मिळवले की ९१ टक्के होतात. थोडक्यात, हे पाच प्रकार कॅन्सर करतच नाहीत असं नाही. १६ पेक्षा बरंच कमी वेळा आणि बहुधा उशिरा करतात. त्याच अभ्यासात १६, १८ किंवा ४५ असलेल्यांचं निदानाच्या वेळचं सरासरी वय पन्नाशीच्या आत किंवा आसपास होतं, बाकीच्या प्रकारांचं पंचावन्नच्या पुढे.

म्हणून तुमच्या ताईंच्या रिपोर्टमध्ये काही विसंगती नाही. सीआयएन-३ मध्ये ५२ सापडणं ही रोजची गोष्ट आहे, पूर्व आशियात तर ५२ आणि ५८ यांचा वाटा आणखी मोठा असतो. (आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये ३५ बाबत असंच दिसतं.) ५२ पेक्षा १६ जास्त ताकदवान आहे हे खरं. पण एकदा सीआयएन-३ झालं की उपचाराच्या निर्णयात प्रकाराला फारसा आवाज उरत नाही. “५२ च आहे ना, मग थांबू” हा विचार मनात येत असेल तर तो काढून टाका. विषाणू कोणताही असो, सीआयएन-३ काढायचं असतं.

आता १८. याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गेल्या वीस-बावीस वर्षांच्या कोल्पोस्कोपीत मला सगळ्यात जास्त चकवलं ते याने.

चाळणीचं चित्र १८ ला लागू होत नाही. सीआयएन-१ पासून सीआयएन-३ कडे जाताना त्याचा वाटा वाढत नाही, उलट घटतो. एवढंच बघितलं तर वाटेल की हा ५६ सारखा गळून पडणारा प्रकार. आणि मग कॅन्सरमध्ये तो अचानक दुसऱ्या क्रमांकावर उभा असतो. मधल्या चाळणीतून न जाता तो खाली पोचला कसा? उत्तर असं की तो गेला चाळणीतूनच, पण आपण चुकीच्या चाळणीत पाहत होतो. १८ आणि त्याचा जवळचा नातलग ४५ यांचा ओढा ग्रंथींच्या पेशींकडे जास्त असतो. त्यामुळे त्यांचा कॅन्सरपूर्व बदल बऱ्याचदा सपाट अस्तरात, म्हणजे सीआयएन म्हणून, दिसत नाही. तो नळीच्या आत, ग्रंथींच्या खोबणीत वाढतो. कोल्पोस्कोप तिथवर पाहू शकत नाही, पॅपच्या ब्रशला तिथल्या पेशी नीट मिळत नाहीत, आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग शोधायची पद्धत तर तिथे पूर्णच आंधळी. ग्रंथींपासून होणाऱ्या कॅन्सरला, म्हणजे अ‍ॅडेनोकार्सिनोमाला, १६, १८ आणि ४५ हे तीनच प्रकार मिळून ९० टक्क्यांहून अधिक वेळा जबाबदार असतात. प्रयोगशाळांमध्ये १९५१ पासून वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. त्या पेशींतही पुढे सापडला तो १८ च.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंची कोल्पोस्कोपी मी ‘नॉर्मल’ म्हणून लिहिली. दोन्ही अस्तरं भेटतात ती रेषा नळीच्या आत सरकली होती आणि मला पूर्ण दिसली नव्हती. तेव्हा प्रकारनिहाय चाचणी हाताशी नव्हती. दीड वर्षाने त्या परत आल्या तेव्हा अ‍ॅडेनोकार्सिनोमा होता. लवकरच्या टप्प्यात सापडला, त्या बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून ती रेषा पूर्ण दिसली की नाही हे मी रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिते, आणि १८ किंवा ४५ असेल आणि रेषा दिसत नसेल तर नळीच्या आतून नमुना घेतल्याशिवाय बाईला घरी जाऊ देत नाही.

यावरून एक व्यवहाराचा नियम निघाला. आता बऱ्याच देशांच्या मार्गदर्शक सूचनांत १६ किंवा १८ पॉझिटिव्ह आला की पॅप नॉर्मल असलं तरी थेट कोल्पोस्कोपी सांगितली जाते. बाकीच्या हाय रिस्क प्रकारांसाठी आधी पॅप किंवा तत्सम दुसरी चाचणी करायची आणि त्यात बिघाड दिसला तरच पुढे जायचं. नव्या सूचना तर याहून बारीक चाळण लावतात. ५६, ५९ आणि ६६ एवढेच असतील तर एका वर्षाने पुन्हा तपासणी पुरे, असं त्या म्हणतात. नव्या चाचण्याही प्रकारांचे गट पाडूनच उत्तर देतात: १६ वेगळा, १८ आणि ४५ एकत्र, मग ३१, ३३, ३५, ५२, ५८ आणि शेवटी ३९, ५१, ५६, ५९, ६८. मला ही मांडणी फार पटते, कारण तिच्यात ‘हाय रिस्क’ या एका शब्दाचे चार अर्थ वेगळे केले आहेत.

हे सगळं तुमच्या बाबतीत असं लागू होतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०,००० हून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला. सुरुवातीला १६ पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये पुढच्या दहा वर्षांत सीआयएन-३ किंवा त्याहून पुढचा बदल सापडला. १८ पॉझिटिव्ह असलेल्यांत सुमारे १४ टक्के, इतर हाय रिस्क प्रकारांत सुमारे ३ टक्के आणि एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. १०० पैकी १७ म्हणजे कोल्पोस्कोपी चुकवायची नाही. आणि त्याच १०० पैकी ८३ जणींना दहा वर्षांत असं काहीही झालं नाही. शिवाय ज्या १७ जणींमध्ये सापडलं त्यांच्यातही मुख्यतः कॅन्सरपूर्व बदलच होता, जो काढता येतो. पॅप नॉर्मल आलं याचा अर्थ त्या दिवशी ब्रशवर आलेल्या पेशींत बिघाड दिसला नाही, एवढाच. एका पॅपमध्ये गंभीर बदल निसटणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

कोल्पोस्कोपीत काही आढळलं नाही तर साधारणपणे वर्षाने पुन्हा एचपीव्ही तपासणी करतात. तेव्हा फक्त ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ असं विचारू नका, ‘तोच १६ आहे का’ असं विचारा. धोका साचतो तो टिकून राहिलेल्या एकाच प्रकारामुळे. यंदा १६ होता, पुढच्या वर्षी १६ गेला आणि ५६ आला, तर हा नवा संसर्ग आहे आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तोच १६ दुसऱ्या वर्षीही असेल तर मात्र माझं लक्ष दुप्पट होतं. तुम्ही सिगारेट ओढत असाल किंवा तंबाखूची दुसरी कुठली सवय असेल तर ती आजच सोडा. धूम्रपानाने विषाणू टिकून राहायला आणि पेशी बिघडायला हातभार लागतो हे पक्कं ठाऊक आहे. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहा पट असतो आणि तपासण्यांचं अंतर त्यानुसार कमी करावं लागतं.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बहुतेक जणींच्या मनात असतो, म्हणून लिहिते. हा संसर्ग कधी आणि कुणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून नंतर तपासणीत दिसू शकतो. या रिपोर्टवरून नवऱ्याबद्दल किंवा स्वतःबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होऊन गेलेला असतो. या एका गैरसमजापायी घरं मोडायला आलेली मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की रिपोर्टसोबत हे एक वाक्य छापून द्यायला हवं होतं.

ताईंच्या उपचाराबद्दल. सीआयएन-३ साठी बहुतेक ठिकाणी लीप करतात, म्हणजे विजेच्या तारेच्या कडीने बिघडलेला भाग कापून काढतात. भूल सहसा स्थानिक असते आणि वेळ थोडा लागतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातो. म्हणजे उपचाराबरोबर निदानही पक्कं होतं: कडा स्वच्छ आहेत का, आत कुठे कॅन्सरची सुरुवात लपली आहे का. एकाच उपचारात दहांपैकी नऊ जणींचा प्रश्न सुटतो. त्यांना पुढे मूल हवं असेल तर तसं आधी सांगावं. खूप खोलवर कापल्यास पुढच्या बाळंतपणात मुदतीआधी प्रसूतीची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे गरजेइतकंच काढतात. सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी. ती निगेटिव्ह आली तर मोठा दिलासा, पण सुट्टी नाही. सीआयएन-३ साठी उपचार झालेल्या स्त्रीने पुढे किमान २५ वर्षं ठरावीक अंतराने तपासत राहायचं असतं. ही गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही आणि त्या “ऑपरेशन झालंय, आता काय” म्हणून निघून जातात.

कधीकधी रिपोर्टमध्ये एकदम दोन-तीन प्रकार येतात, ‘१६ आणि ५२’ असे. याचा अर्थ धोक्याची बेरीज झाली असा नसतो. बिघडलेल्या जागेतून अगदी बारीक तुकडा लेसरने कापून तपासला तर जवळपास नेहमी एका डागामागे एकच विषाणू सापडतो. बाकीचे शेजारच्या पेशींत नुसते वस्तीला असतात. अशा वेळी आम्ही यादीतला सर्वांत ताकदवान प्रकार धरून पुढचं ठरवतो.

गर्भाशयमुखाचे थोडे कॅन्सर एचपीव्हीशिवायही होतात, विशेषतः ग्रंथींच्या काही दुर्मीळ प्रकारांत, आणि २०२० च्या वर्गीकरणात त्यांना वेगळा गट दिला आहे. म्हणून संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव किंवा दुर्गंधी येणारा स्राव सुरू असेल तर एचपीव्ही निगेटिव्हच्या रिपोर्टवर विसंबू नका. लक्षणं असतील तर तिथे लक्षणं नसलेल्यांसाठीची नेहमीची स्क्रीनिंग चाचणी पुरत नाही, डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी हवी.

लसीबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंत. दोन प्रकारांवरची लस १६ आणि १८ पासून, चार प्रकारांवरची त्याशिवाय ६ आणि ११ पासून, आणि नऊ प्रकारांवरची शिवाय ३१, ३३, ४५, ५२, ५८ पासून संरक्षण देते. प्रकारांचा इतका काथ्याकूट आपण का केला ते इथे कळतं. नुसते १६ आणि १८ रोखले तरी कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के टळतात, नऊही रोखले तर सुमारे ९० टक्के. स्कॉटलंडमध्ये वयाच्या १२ व्या-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत एकीलाही गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाल्याची नोंद नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि ती लस फक्त १६ आणि १८ वरची होती. पण लस आधीच असलेला संसर्ग घालवत नाही. तुमचा १६ किंवा ताईंचा ५२ तिने जाणार नाही. तुमच्या किंवा ताईंच्या मुली ९ ते १४ वर्षांच्या असतील तर त्यांच्यासाठी मात्र हीच वेळ आहे.

कोल्पोस्कोपीला जाताना एचपीव्हीचा मूळ रिपोर्ट सोबत न्या, कारण ‘हाय रिस्क पॉझिटिव्ह’ एवढं तोंडी सांगितलं तर १६ हा आकडा हरवतो. पाळी चालू नसेल असा दिवस घ्या. तपासणी झाल्यावर डॉक्टरांना विचारा की दोन अस्तरं भेटतात ती रेषा पूर्ण दिसली का, आणि त्यांचं उत्तर रिपोर्टमध्ये लिहून मागा. पूर्ण दिसली नसेल तर नळीच्या आतला नमुना घेतला का ते तिथेच, निघण्याआधी विचारा. कोल्पोस्कोपी आणि ताईंच्या लीपनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हाती आला की पुन्हा लिहा, दोन्ही एकत्र बघून पुढचं सांगेन.